उणिवेला मिळालेलं तिकीट

अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक दीड-दोन वर्षं चालते. तेवढ्या काळात उमेदवार शेकडो भाषणं करतो, हजारो हात हातात घेतो, आयोवाच्या जत्रेत काडीला टोचलेले तळीव पदार्थ कॅमेऱ्यांसमोर चवीने खातो आणि आपल्यात काही कमी आहे असं चुकूनही म्हणत नाही. अनुभव विचारा, भरपूर. तब्येत विचारा, ठणठणीत. शेतकऱ्याबद्दल कळवळा, सैनिकाबद्दल आदर, देवावर श्रद्धा, बायकोवर प्रेम, सगळं मापाच्या वर. या अखंड बढाईत एकदाच, बहुधा ऐन उन्हाळ्यात, तो खरं बोलतो, आणि तेही तोंडाने न बोलता: उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार जाहीर करतो. आपल्याकडे उपराष्ट्रपती खासदार निवडतात, त्यामुळे सामान्य मतदाराला त्या निवडीने ना सुख ना दुःख. अमेरिकेत मात्र अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकाच मतात निवडून येतात. एक आवडला आणि दुसरा नावडला तरी वेगळं मत देण्याची सोय नाही. म्हणून रनिंग मेटचं नाव कळलं की देशभर खळबळ उडते आणि नाव अनपेक्षित असेल तर राजकारणाला आधीच विटलेला मतदार कपाळावर हात मारतो. माझं म्हणणं असं, की कपाळावर मारलेला हात त्याने खाली घ्यावा आणि समोर आलेला कागद नीट वाचावा. ही निवड म्हणजे उमेदवाराने स्वतःच्या उणिवांबद्दल दिलेला जाहीर कबुलीजबाब असतो. धक्का जितका मोठा, कबुलीजबाब तितका सविस्तर.

सगळ्यात सविस्तर कबुलीजबाब २९ ऑगस्ट २००८ रोजी ओहायोतल्या डेटन शहरात दिला गेला. आदल्याच रात्री डेन्व्हरच्या फुटबॉल स्टेडियममध्ये ऐंशी हजारांहून जास्त लोकांपुढे बराक ओबामांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी स्वीकारली होती आणि सकाळच्या वर्तमानपत्रांत दुसरं काही छापायला जागा उरली नव्हती. दुपारपर्यंत ती सगळी वर्तमानपत्रं शिळी झाली. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना व्यासपीठावर आणलं. मॅकेन यांचा त्या दिवशी बहात्तरावा वाढदिवस होता. पेलिन चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. गव्हर्नर होऊन त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती आणि त्याआधी त्या वसिला नावाच्या गावाच्या महापौर होत्या. वसिलाची वस्ती पाच-सहा हजार, म्हणजे आपल्या हिशेबाने सरपंचपद. सर्वांच्या आधी बातमी कळण्यावर ज्यांचं पोट आहे त्या पत्रकारांनी घाईघाईने अलास्काची माहिती शोधायला घेतली. टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी मात्र नेहमीच्या सवयीने, पाच मिनिटांपूर्वी जिचं नाव माहीत नव्हतं त्या बाईच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीचं विश्लेषण सुरू केलं. मॅकेन यांना त्यांच्या अनुभवासाठी मत द्यायला निघालेला मतदार मात्र टीव्हीपुढे तसाच उभा राहिला. ओबामा सिनेटमध्ये जेमतेम पावणेचार वर्षं होते. एवढ्या नवख्या माणसाच्या हाती देश द्यायचा नाही, हा मॅकेन यांच्या प्रचाराचा गाभा होता. तो गाभा त्यांनी स्वतःच्या हाताने, वाढदिवसाच्या दिवशी, टाळ्यांच्या गजरात काढून टाकला.

हे वेडेपणाचं वाटतं ते आपण पेलिन यांच्याकडे बघत राहतो म्हणून. नजर मॅकेन यांच्याकडे वळवली की एकेक कलम स्पष्ट वाचता येतं. पेलिन तरुण आहेत, याचा अर्थ मॅकेन म्हणतात, मी म्हातारा आहे. पेलिन वॉशिंग्टनपासून हजारो मैलांवरच्या आहेत, याचा अर्थ मी पंचवीस वर्षं तिथेच बसून आहे. पेलिन यांनी आपल्याच पक्षाच्या गव्हर्नरला पक्षांतर्गत निवडणुकीत हरवलं, याचा अर्थ माझ्या पक्षाच्या अध्यक्षांचं, म्हणजे जॉर्ज बुश यांचं, नाव आता माझ्या शेजारी दिसलेलं मला परवडणार नाही. पेलिन गर्भपाताच्या कडव्या विरोधक आहेत, याचा अर्थ माझ्याच पक्षाचे कट्टर लोक मला आपला मानत नाहीत. हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. निवडणूक निधीवर बंधनं घालणारा कायदा डेमोक्रॅटांच्या साथीने आणणारे, स्थलांतरितांच्या प्रश्नावर डेमोक्रॅट टेड केनेडींबरोबर बसणारे मॅकेन पुराणमतवाद्यांना कधीच पुरते पचले नव्हते. मॅकेन यांच्या मनातला जोडीदार तर जो लिबरमन हा होता. हा गृहस्थ २००० साली डेमोक्रॅटिक पक्षाकडूनच उपाध्यक्षपदाला उभा होता. हे नाव पुढे केलं तर अधिवेशनात बंड होईल, असं सल्लागारांनी सांगितलं. मॅकेन यांनी ऐकलं आणि नंतर २०१८ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या पुस्तकात, लिबरमन यांना न घेतल्याची खंत नोंदवली. म्हणजे पाच कलमी कबुलीजबाब दिल्यावर दहा वर्षांनी त्याला पुरवणीही जोडली. विटलेल्या मतदाराला राजकारण्याकडून याहून जास्त प्रामाणिकपणा कुठे मिळणार?

एक कलम मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण त्यावर थोडं थांबायला हवं. त्याच वर्षी जूनमध्ये हिलरी क्लिंटन ओबामांकडून पक्षांतर्गत लढत हरल्या होत्या. त्यांना सुमारे एक कोटी ऐंशी लाख मतं मिळाली होती आणि माघार घेताना त्यांनी, स्त्रियांच्या वाटेतल्या काचेच्या छताला एवढ्या भेगा पाडल्याचं समाधान व्यक्त केलं होतं. त्यांचे अनेक समर्थक खरोखरच रुसले होते. काहींनी तर ओबामांना मत देणार नाही असं जाहीर करून गट स्थापन केले होते. डेटनच्या व्यासपीठावरून पेलिन यांनी पहिल्याच भाषणात त्या भेगांची आठवण काढली आणि हिलरी यांचं कौतुक केलं. मागचा हिशेब सरळ होता. या मतदारांची बाई गेली आहे, त्यांना बाई द्या. गर्भपात, आरोग्यविमा, बंदुका, करआकारणी अशा ज्या ज्या प्रश्नावर हिलरी पूर्वेला होत्या त्या त्या प्रश्नावर पेलिन पश्चिमेला होत्या. पण हिशेब मांडणाऱ्याच्या रकान्यात फक्त ‘स्त्री’ एवढंच लिहिलेलं होतं आणि तो रकाना दोघींनी बरोबर भरला होता. हरलेल्या उमेदवाराच्या पुरुष समर्थकांना कोणी असं सांगितल्याचं इतिहासात दिसत नाही की तुमचा माणूस गेला खरा, पण घाबरू नका, हाही पुरुषच आहे. नोव्हेंबरमध्ये हिलरी यांच्या बहुसंख्य समर्थकांनी ओबामांना मत दिलं. रुसव्याला त्यांच्याकडे कारण होतं. मॅकेन यांच्याकडे जाण्याला नव्हतं. इथला कबुलीजबाब एका उमेदवाराच्या उणिवेपुरता राहत नाही. सगळा पक्ष त्यात सांगून मोकळा होतो, की स्त्रिया मत कशावरून ठरवतात याची आम्हाला काहीच कल्पना नाही.

कोणी म्हणेल, एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये. मान्य, दप्तरात आणखी बरेच कागद आहेत. १९६० साली त्रेचाळीस वर्षांच्या, कॅथलिक, मॅसॅच्युसेट्सच्या जॉन केनेडींनी टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांना घेतलं, तेव्हा त्यांच्या पुरोगामी समर्थकांचा आणि कामगार पुढाऱ्यांचा संताप झाला. कागदावर लिहिलं होतं: दक्षिणेत माझं कोणी नाही. ‘मी वॉशिंग्टनचा नाही’ या एकाच भांडवलावर उभे राहिलेल्या जिमी कार्टर यांनी १९७६ मध्ये सिनेटर वॉल्टर माँडेल यांना बरोबर घेतलं: तिथलं कोणी तरी लागेलच. खुद्द ओबामांनी, परिवर्तनाच्या लाटेवर स्वार असताना, १९७३ पासून सिनेटमध्ये असलेल्या जो बायडन यांना निवडलं आणि ही बातमी समर्थकांना मोबाइलवर संदेश पाठवून, पहाटे तीनच्या सुमारास, कळवली. मला परराष्ट्र धोरणाचा अनुभव कमी आहे, हे सांगायला ती वेळ वाईट नव्हती. तीन लग्नं केलेल्या, कॅसिनो चालवलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ मध्ये देवभोळ्या माइक पेन्स यांना शेजारी उभं केलं. त्या कागदावर काय लिहिलं होतं हे सांगायला नको. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस टेड क्रूझ यांनी, स्वतःला उमेदवारी मिळालेली नसतानाच, कार्ली फिओरिना यांना रनिंग मेट म्हणून जाहीर केलं आणि आठवडा उलटायच्या आत स्वतःच स्पर्धेतून बाहेर पडले. त्यांच्याकडे एकाच गोष्टीची उणीव होती, जिंकण्याच्या शक्यतेची, आणि ती भरून देणारा जोडीदार अजून जन्माला यायचा आहे. या दप्तरातला सर्वांत मजेशीर कागद मात्र २००० सालचा. धाकट्या बुश यांनी उपाध्यक्षपदासाठी योग्य माणूस शोधण्याचं काम डिक चेनी यांच्याकडे सोपवलं. चेनी यांनी बरीच स्थळं पाहिली, पत्रिका तपासल्या, घराण्यांची चौकशी केली आणि शेवटी मध्यस्थच बोहल्यावर चढला. चेनी तेव्हा टेक्ससमध्ये राहत होते आणि बुशही टेक्ससचेच. दोघे एकाच राज्याचे असले तर त्या राज्यातल्या, अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांना दोघांनाही मत देता येत नाही, असा घटनेचा नियम आहे. म्हणून निवड जाहीर होण्याच्या चार दिवस आधी चेनी यांनी आपलं मतदार म्हणून नाव पुन्हा वायोमिंगमध्ये नोंदवलं.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, एवढं तत्त्वज्ञान कशाला? जोडीदार निवडतात तो त्याच्या राज्यातली मतं मिळवण्यासाठी. ऐकायला हे पटतं, पुराव्याला टिकत नाही. अध्यक्ष ठरतो तो ५३८ निर्वाचकांच्या मतांनी. त्यात चेनी यांच्या वायोमिंगची मतं तीन, बायडन यांच्या डेलावेअरची तीन आणि पेलिन यांच्या अलास्काची तीन. शिवाय वायोमिंग आणि अलास्का आधीपासूनच रिपब्लिकनांच्या खिशात होते आणि डेलावेअर डेमोक्रॅटांच्या. म्हणजे लागोपाठच्या निवडणुकांत राज्य म्हणून या निवडींचा उपयोग शून्य. जिथे राज्य खरोखर मोठं किंवा अटीतटीचं होतं तिथली कथाही फारशी वेगळी नाही. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलायना हातचं गेलं, २०१२ मध्ये पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन गेलं. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस यांनी टेक्सससाठी सिनेटर लॉइड बेन्टसन यांना घेतलं. तिथल्या कायद्यानुसार बेन्टसन एकाच वेळी उपाध्यक्षपदाला आणि आपल्या सिनेटच्या जागेलाही उभे होते. टेक्ससच्या मतदारांनी त्यांना सिनेटमध्ये मोठ्या फरकाने पुन्हा पाठवलं आणि अध्यक्षपदासाठी थोरल्या बुश यांना मत दिलं: माणूस आमचा आहे, पण ज्याच्याबरोबर आलाय तो नको. केनेडींना १९६० मध्ये जॉन्सन यांच्यामुळे टेक्सस मिळालं म्हणतात, आणि गेली सहा दशकं हेच एक उदाहरण दर निवडणुकीत धुऊन-पुसून पुन्हा वापरलं जातं. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कॉप्को या दोन राज्यशास्त्रज्ञांनी या विषयावर दोन पुस्तकं लिहिली आहेत. त्यांचाही निष्कर्ष असा, की जोडीदारामुळे स्वतःच्या राज्यात होणारा फायदा नगण्य असतो. परिणाम होतो तो मुख्यतः निवडणाऱ्याबद्दल मतदाराचं जे मत बनतं त्यातून. म्हणजे कबुलीजबाब वाचणारा मी एकटाच नाही. मतदारही तो वाचतो, फक्त आपण काय वाचतोय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी अल गोर यांना निवडलं, तेव्हा कुठली उणीव भरून काढली? एक पंचेचाळीस वर्षांचा, दुसरा चव्वेचाळीस. एक आर्कान्सॉचा, दुसरा शेजारच्या टेनेसीचा. दोघेही दक्षिणेतले, दोघेही मध्यममार्गी. लांबून बघितलं तर भाऊ वाटावेत. समतोलाचं शास्त्र सांगणाऱ्या पंडितांना हे गणित सुटेना. पण उणीव वयात आणि नकाशातच शोधायची असा नियम कोणी केला? क्लिंटन यांच्यामागे त्या वर्षाच्या सुरुवातीपासून दोन भानगडी लागल्या होत्या: व्हिएतनाम युद्धाच्या वेळी लष्करभरती टाळल्याची आणि विवाहबाह्य संबंधांची. गोर हे लष्कराचे वार्ताहर म्हणून व्हिएतनामला जाऊन आले होते आणि त्यांच्या संसाराबद्दल कुजबुजायलाही तेव्हा कोणाकडे काही नव्हतं. शिवाय ते सिनेटर होते आणि क्लिंटन यांनी वॉशिंग्टनमध्ये कधी निवडून आलेलं पद भूषवलं नव्हतं. बाहेरून दोघे सारखे दिसले ते एवढ्यासाठीच, की आतला फरक लोकांनी स्वतः ओळखावा आणि उमेदवाराने तोंडाने काही बोलू नये. कबुलीजबाब तर दिला, पण सही वाचता येऊ नये अशी केली. क्लिंटन वकील होते, हे इथे लक्षात ठेवावं.

तिसरा आक्षेप अगदी विटलेल्या मतदाराचा: जोडीदार कोणी का असेना, त्या पदाला किंमत काय? या मताला वजनदार साक्षीदार आहेत. पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनीच बायकोला कळवलं होतं, की माणसाच्या कल्पनेने आजवर एवढं क्षुल्लक पद निर्माण केलेलं नाही. १९३१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या एका गाजलेल्या संगीतिकेतल्या उपाध्यक्षाला कोणी ओळखत नाही. व्हाइट हाउस आतून बघण्यासाठी त्याला पर्यटकांच्या घोळक्यात सामील व्हावं लागतं. १९६७ मध्ये घटनेत पंचविसावी दुरुस्ती होईपर्यंत हे पद मधेच रिकामं झालं तर भरायची तरतूदच नव्हती. ते सोळा वेळा रिकामं पडलं आणि देशाचं काही अडलं नाही. एवढं सगळं खरं असूनही एक आकडा विटलेल्या मतदाराने लक्षात ठेवायला हवा: नऊ. नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले. आठ अध्यक्षांच्या मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रूमन उपाध्यक्ष होऊन ब्याऐंशी दिवस झाले होते, तेव्हा १९४५ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारले. आपला देश अणुबॉम्ब बनवतोय याचा तपशील ट्रूमन यांना अध्यक्ष झाल्यावर सांगण्यात आला. ज्याला कोणतंच काम नाही असा हा माणूस एका फोनवर सगळ्या कामाचा धनी होतो. मधला पगार त्याला वाट बघण्यासाठी मिळतो, आणि ही वाट तो मोठ्याने बघू शकत नाही.

आता पद एवढं जोखमीचं असेल तर धक्कादायक निवड करण्यातला खरा धोका दिसू लागतो. धक्का द्यायचा तर गुप्तता हवी. गुप्तता हवी तर माहीत असणारी माणसं थोडी हवीत. आणि थोडी माणसं थोड्या वेळात चौकशी करतात ती थोडीच असते. चकित करणं आणि चौकशी करणं यांचं पहिल्यापासून वैर आहे. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅक्गव्हर्न यांना अनेकांनी नकार दिल्यावर, मुदत संपायला आलेली असताना, सिनेटर टॉमस ईगल्टन यांची निवड फोनवरच्या काही मिनिटांच्या बोलण्यावर झाली. पुढे कळलं, की नैराश्यासाठी त्यांना रुग्णालयात राहून विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागले होते. त्या आजाराकडे तेव्हाच्या समाजाने अधिक समजुतीने बघायला हवं होतं, हे खरंच. पण मॅक्गव्हर्न यांनी आधी त्यांना हजार टक्के पाठिंबा जाहीर केला आणि मग निवडीपासून अठराव्या दिवशी ईगल्टन बाहेर पडले. एका टक्क्यावर राहिले असते तरी मतदाराला जास्त खरं वाटलं असतं. तेव्हापासून प्रत्येक पक्ष इच्छुकांची करविवरणपत्रं, वैद्यकीय कागद, जुनी भाषणं, सगळं चाळून काढतो. पण त्यालाही वेळ लागतोच. पेलिन यांचं नाव अगदी शेवटी वर आल्यामुळे त्यांची चौकशी घाईत उरकली गेली. चौकशीचं काम पाहणाऱ्या वकिलाने मॅकेन यांना सल्ला दिला, की यात जोखीम मोठी आहे आणि फायदाही मोठा. हा सल्ला फासे टाकून खेळायच्या जुगाराची हौस असलेल्या माणसाला दिला होता. त्याला वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकू आला असेल असं मानायला आधार नाही.

शेवटचा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य करावा लागतो. पेलिन यांची एवढी थट्टा झाली, पण पराभव त्यांच्यामुळे झाला का? नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेंट पॉलच्या अधिवेशनातल्या त्यांच्या भाषणानंतर पक्षात कितीतरी वर्षांनी उत्साह दिसला, सभांना गर्दी लोटली आणि काही दिवस मॅकेन जनमत चाचण्यांत पुढेही गेले. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि ज्यांच्या घराचे हप्ते थकले होते त्यांना अलास्कात रस उरला नाही. ‘माझ्या घरातून रशिया दिसतो’ हे जगप्रसिद्ध वाक्यसुद्धा पेलिन यांचं नाहीच. ते टीव्हीवर त्यांची नक्कल करणाऱ्या टीना फे या अभिनेत्रीचं आहे. कुठली वर्तमानपत्रं वाचता, या प्रश्नाला त्यांना एकाही वर्तमानपत्राचं नाव सांगता आलं नाही, हे मात्र त्यांचंच. तरी २ ऑक्टोबरची उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची चर्चा जवळजवळ सात कोटी लोकांनी पाहिली. अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या तिन्ही चर्चांपैकी एकीलाही त्या वर्षी तेवढे प्रेक्षक लाभले नाहीत. तेव्हा पेलिन यांना दोष देऊ नये, हे मान्य. एवढं मोठं पद समोर चालून आल्यावर ‘मला झेपणार नाही’ म्हणणारा राजकारणी अमेरिकेतच काय, कुठेच सापडत नाही. प्रश्न निवडणाऱ्याच्या विवेकाचा होता आणि तो १९ ऑक्टोबरला कॉलिन पॉवेल यांनी विचारला. स्वतः रिपब्लिकन, बुश सरकारात परराष्ट्रमंत्री राहिलेल्या पॉवेल यांनी ओबामांना पाठिंबा देताना या निवडीमुळे मॅकेन यांच्या निर्णयशक्तीबद्दल शंका येते, असं स्पष्ट सांगितलं. पॉवेल यांनीही कबुलीजबाब वाचला होता. फक्त शेवटच्या पानावरचा निकाल त्यांनी स्वतः लिहिला.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२४ बघावं. जुलैमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ट्रम्प यांनी एकोणचाळीस वर्षांच्या जे. डी. व्हान्स यांना निवडलं. व्हान्स एके काळी ट्रम्प यांचे जहाल टीकाकार होते आणि त्यांचं ओहायो तर तेव्हा रिपब्लिकनांचंच होतं. मग उणीव कोणती? उत्तर पेन्स यांच्या रिकाम्या खुर्चीत होतं. ६ जानेवारी २०२१ रोजी पेन्स यांनी निर्वाचकांच्या मतांची मोजणी अडवायला नकार दिला होता. ट्रम्प यांना या वेळी कमी पडत होता तो अडचणीच्या दिवशी नाही न म्हणणारा उपाध्यक्ष. आणि मत बदलून आलेल्या माणसाला ते किती वेळा बदलता येतं हे ठाऊक असतं. पुढच्याच महिन्यात कमला हॅरिस यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना घेतलं. माजी शिक्षक, फुटबॉल प्रशिक्षक, नॅशनल गार्डमध्ये चोवीस वर्षं काढलेला, शिकारीला जाणारा गोरा गृहस्थ. कॅलिफोर्नियाच्या माजी सरकारी वकील बाईंनी गावाकडच्या पुरुष मतदाराबद्दलची आपली सगळी धास्ती एका माणसात ओतली होती. दोन्ही पक्षांचे कबुलीजबाब तीन आठवड्यांच्या अंतराने मतदाराच्या हाती पडले, आणि मतदार व्हान्स यांच्या दाढीवर आणि वॉल्झ यांच्या शर्टांवर चर्चा करत बसला.

म्हणून विटलेल्या मतदाराला एकच विनंती. पुढच्या वेळी कोणी तरी अनोळखी माणूस व्यासपीठावर हात हलवू लागला की ‘हा कोण?’ हा प्रश्न पत्रकारांवर सोपवावा. ते पगार घेतात. आपण विचारावं, ‘याच्या शेजारच्याला काय कमी पडतंय?’ उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न: ती उणीव या माणसाने खरोखर भरते, की नुसती झाकली जाते? बायडन यांनी ओबामांना जे दिलं ते कामाचं होतं. पेलिन यांनी मॅकेन यांना जे दिलं ते टाळ्यांचं होतं. दोन्हींतला फरक पहिल्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो आणि मतदानाला तेव्हा बराच अवकाश असतो. हा अवकाश चिडण्यात घालवला तर मग कोणीही निवडून आलं तरी आपण फसलो असंच वाटणार. ज्याला कसलीच उणीव नसलेला उमेदवार हवा असेल त्याने मतदान केंद्राची पायरी चढू नये, तिथे तो माल ठेवत नाहीत. तिथे दोन उणिवा मिळतात, दोन्हींवर उमेदवारांच्या सह्या असतात, आणि पुढची चार वर्षं यातली कोणती आपल्याला चालवून घेता येईल एवढंच ठरवून खूण करायची असते.